चिंचोका आणि हळकुंड

मास्तर, परवा एका शाळेत मी तुमची गोष्ट सांगितली आणि चौथीतल्या एका पोरीनं मला भर वर्गात पकडलं. काय पकडलं ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर पुढचं लिहायचा धीर राहणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमची टोपी आठवावी लागते. काळी, काठाला तेलानं चकाकणारी. मग टोपीखालचं कपाळ येतं, मग जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चेहरा सगळ्यात शेवटी येतो आणि थोडाच वेळ थांबतो. मी स्वतः तीस वर्षं शिकवलं, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, गुडघे गेले, दातही आपले राहिले नाहीत. पण तुम्हाला लिहायला बसले की मी दहा वर्षांची होते आणि पाटी पुसायला फडकं सापडत नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळा लांब, तिथं उर्दूचा जोर, आणि मुलींना तिकडं पाठवायची रीतच नव्हती. म्हणून कुरुंद्यातल्या चार घरांनी मिळून तुम्हाला वऱ्हाडातून आणलं. राहायला आमच्या हळदीच्या कोठ्याशेजारची खोली, खायला घरोघरचा जोंधळा, आणि शिकवायला तो कोठाच. हळद विकून गेली की कोठा रिकामा व्हायचा, पण जमिनीतून पिवळेपणा जात नसे. आम्ही बसायचो तिथं परकर पिवळे, तळहात पिवळे, पाट्यांच्या चौकटी पिवळ्या. माय कपडे आपटताना म्हणायची, "शिकाया जाती का लोळाया जाती, काय कळंना." भाकरी तुम्हाला कधी नीट जमली नाही. एका अंगानं कच्ची, दुसऱ्या अंगानं करपलेली, आणि आम्ही दारातून डोकावलो की तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "हे पाहा, एकाच भाकरीत दोन भाकरी." आम्ही हसायचो आणि मग कोणीतरी घरून ताक आणून द्यायचं.

त्या वर्गात वाचणारी म्हणून माझं नाव होतं. तुम्ही येण्याआधी आबांनी मला वसमतच्या बाजारातून एक वाचनमाला आणून दिली होती आणि एका पाहुण्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती. मी ती वाचनमाला घडाघडा वाचायची. आल्यागेल्यापुढं आबा मला उभं करायचे आणि मी एका दमात पान संपवायची. लोक म्हणायचे, पोरगी हाय का आगगाडी. मला ते फार आवडायचं. तुमच्यापुढंही पहिल्याच दिवशी मी तशीच सुटले. अर्ध्या पानावर आले तेव्हा तुम्ही पुढं वाकून पानावर हात ठेवलात, आणि मी वाचतच राहिले. हाताखालच्या ओळीही म्हणून टाकल्या. पोरं हसली नाहीत, कारण त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. मला मात्र कळलं.

"लय भारी," तुम्ही म्हणालात. "आता मले सांग, काय वाचलं?"

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. "पाठ नको. सांग." मी पानाकडं बघायला लागले. "काहून थांबली? तुहं पुस्तक, तुहे डोये. मंग धडा कोणाचा?" बाकी काही बोलला नाहीत, रागावलाही नाहीत, पण मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. मायला वाटलं मास्तरांनी मारलं. मारलं असतं तर बरं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तक आणलंच नाही. फळ्यावर चार ओळी लिहिल्या. त्या मला अजून तशाच्या तशा येतात, आणि आता पाठ आहेत म्हणून नव्हे. 'एक कुंभार गाढवावर मडकी लादून बाजाराला निघाला. वाटेत नदी लागली. संध्याकाळी तो रिकाम्या हाताने घरी आला. बायकोने दार उघडले व काही विचारले नाही.' एवढंच. आणि मग तुम्ही खाली बसलात, आमच्यातच, मांडी घालून, आणि विचारलंत की बायकोनं काही का विचारलं नाही. एक म्हणाला, सगळी मडकी खपली, मग काय विचारायचं. दुसरा म्हणाला, खपली असती तर बाजारातून पीठमीठ आणलं असतं, हात रिकामा कसा? मडकी नदीत गेली. बराच वेळ त्यावर भांडण चाललं. तांड्यावरून एक पोरगी यायची, धाकट्या भावाला सांभाळायचं म्हणून आलेली, आमची भाषा तिला जेमतेम यायची. तिच्या आजाच्या वेळी त्यांच्या घरचे बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे. तिनं विचारलं, "गाढव कुठं हाय?"

आम्ही सगळे फळ्याकडं पाहायला लागलो. कुंभार आला होता, गाढव आलं नव्हतं. बायकोनं दार उघडलं तेव्हा तिला ते दिसलं असणार, आणि म्हणून ती गप्प राहिली. मास्तर, चार ओळींचा धडा, त्यातलं एक अक्षर कठीण नव्हतं, आणि गाढव मला दिसलंच नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते त्या दिवशी, आणि तेही दुसरीच्या डोळ्यांनी.

तुमचा तो डबा तेव्हा निघाला. एका खणात चिंचोके, दुसऱ्यात हळकुंडं. नियम सोपा होता. गोष्ट ज्यानं त्यानं आपापल्या मनानं सांगायची, हवी तेवढी फुलवायची, कुंभाराला नाव द्या, नदीला पूर आणा, काही हरकत नाही. पण सांगून झालं की समोर मांडायचं. पानात जे आहे त्याला चिंचोका. आपण घातलेल्याला हळकुंड. "दोनी लागतात," तुम्ही म्हणायचात. "नुसत्या चिंचोक्यानं पोट भरत नाही, अन् नुसत्या हळदीची भाजी होत नाही. पण कोणतं कोणतं, हे ज्याले ठाऊक नाही, त्यानं वाचलं नाही." गाढवाच्या वेळी ती तांड्यावरची पोरगी अडली. गाढव परत आलं नाही असं पानात लिहिलेलं नव्हतं, आणि ते तिनं मनानंही घातलं नव्हतं. तिनं बराच विचार केला आणि एक चिंचोका, एक हळकुंड, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं. तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसलात. पुसायची काही गरज नव्हती.

दोन वर्षं आम्ही असंच वाचलं. धड्यातल्या समुद्राला आम्ही वाळत घातलेल्या हळदीचं पटांगण समजलो, जहाजाला बैलगाडी समजलो, आणि मग मांडताना कबूल केलं की हे आमचं. पण खरं सांगायचं तर मला मांडायचा कंटाळा यायचा. सांगायला मला आवडायचं. लोक माझ्या तोंडाकडं बघत राहिले की मला आणखी सुचायचं. आगगाडी थांबली होती, पण आगगाडी बघायला जमणारे लोक मला अजून हवे होते. तुम्ही ते ओळखलं होतं. "हिचे चिंचोके कमी पडतात," असं एकदा तुम्ही आबांना हसत म्हणालात, आणि आबांना वाटलं तुम्ही चिंचोके मागताय. त्यांनी दुसऱ्या दिवशी पायलीभर पाठवून दिले.

आता आक्काचं. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, शिरड शहापूरला दिलेली, पहिलटकरीण. सातवा लागला की आणायची असं ठरलं होतं, पण तिकडं हळदीची काढणी आणि शिजवणी जोरात, आणि व्याह्यांचा निरोप यायचा, होऊ द्या एवढं. त्या दिवसांत तिच्या धाकट्या दिरानं लिहिलेली चिठ्ठी आली. एरवी चिठ्ठ्या तुम्हीच वाचायचात. त्या दिवशी तुम्ही ताकाला म्हणून आमच्या ओसरीवर बसला होता, आबांनी चिठ्ठी तुमच्यापुढं धरली आणि तुम्ही ती माझ्याकडं सरकवलीत. घरची पहिली चिठ्ठी मी वाचते आहे. आबा खांबाला टेकून बसलेत, माय सुपात जोंधळा पाखडते आहे, शेजारच्या दोघीतिघी उगाच आल्यासारख्या आल्यात.

चिठ्ठी अशी होती. वहिनी येथे खुशाल आहे. हळदीचे काम चालू आहे, तरी न्यायला येण्याची घाई करू नये, होळी झाल्यावर यावे. वहिनी अंगाने चांगली भरली आहे. बांगड्या व जोडवी घट्ट होतात म्हणून काढून ठेवली आहेत, सोनाराकडून नव्या मापाची करू. दुपारची पडून असते, आई काही म्हणत नाही. परवा वहिनी म्हणाली की चुलीवर दोन तवे दिसतात, आम्ही सर्व फार हसलो. कळावे.

मी छान वाचली. सावकाश, थांबून, तुम्ही शिकवलं तसं. माय पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भरली माझी लेक. सासर मानवलं तिला." तिचं काही चुकलं नाही. आमच्याकडं बाई अंगानं भरली याच्याएवढी चांगली खबर दुसरी नव्हती. सुकून आलेली लेक बघायची आमच्या आयांना सवय, भरलेली ऐकली की त्या देवाला गूळ ठेवायच्या. आबांनी खरंच गूळ वाटला. तुम्ही गुळाचा खडा हातात धरून बसला होता, खात नव्हता.

"चांगलं वाचलं," तुम्ही म्हणालात. "आता चिठ्ठी मिटव अन् आक्काची गोष्ट सांग."

मला राग आला. घरात सगळे खूश, आणि यांना आता शाळा सुचतेय. पण शेजारणी बघत होत्या, म्हणून मी डोळे मिटले. तुम्ही विचारत गेलात. आक्का कुठं बसली? चुलीपाशी. काय करून राहिली? भाकरी थापतेय. हात दिसतात का? दिसतात. कसे? "भरलेले. बांगड्या न्हाईत." अन् पाय? मी पायांकडं पाहिलं, मनातल्या मनात, आणि जोडव्याच्या जागी बोटात रुतलेला वळ मला दिसला. "बोटं फुगलीत," मी म्हणाले. "आन मास्तर, तवा एकच हाय. तिलाच दोन दिसून राहिले." आक्का दुपारी कधी झोपायची नाही, उन्हातही काही ना काही करत असायची, तेही मला तेव्हाच आठवलं. सुपाचा आवाज थांबला. मायनं सूप खाली ठेवलं आणि आबांना म्हणाली, "भरली न्हाई ती. सुजली. माझी मावशी अशीच गेली, तिलाबी दोन दोन दिसायचं. गाडी जुंपा."

इथं मी थांबायला हवं होतं. इथपर्यंत जे होतं ते चिंचोका आणि हळकुंड शेजारी शेजारी होतं, गाढवासारखं. पण सगळे माझ्याकडं बघत होते, मास्तर, बाया पुढं सरकल्या होत्या, आबा उठून उभे राहिले होते, आणि माझे डोळे अजून मिटलेले होते. मला कोणी विचारलं नाही आणि मी पुढं बोलले. "सासू दारात उभी हाय. आक्काला बोलू देत न्हाई. आक्का रडून राहिली, आन ती म्हनती, चूप बस, कामाला लाग."

तुमचा हात वर झाला, पहिल्या दिवशी पानावर आला होता तसा. "थांब. हे हळकुंड झालं," तुम्ही म्हणालात. मी ते ऐकलं. आबांनी ऐकलं नाही, ते बैलांकडं गेले होते. मी धावत जाऊन त्यांना सांगू शकले असते की शेवटचं माझ्या मनचं आहे. दावं सोडायला, बैल जुंपायला वेळ लागतो, मला तेवढा वेळ होता. मी ओसरीच्या कडेला उभी राहून गाडी वळताना बघितली.

आबा दिवस कलायच्या आत शिरड शहापूरला पोचले आणि व्याह्यांच्या दारात, हळद शिजवायला आलेल्या गड्या-बायांसमोर, नको ते बोलले. माझ्या लेकीला कोंडून राबवता, रडली तर गप करता. आक्काला गाडीत घालून आणलं. सुईणीनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला तो भरून येईना. "हितं ठिऊ नका," एवढंच ती म्हणाली. वसमतहून आगगाडीनं नांदेडच्या दवाखान्यात नेलं. आक्का वाचली. आणखी दोन दिवस काढले असते तर दोघंही गेली असती, असं डॉक्टरीणबाई आबांना म्हणाल्या. लेकरू राहिलं नाही. मुलगा होता.

महिन्याभरानं व्याही आले, गावातली दोन वडील माणसं बरोबर घेऊन. पारावर बैठक बसली. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळंच ऐकणं अवघड होतं. म्हणाले, "सून नेली, त्याचं कायबी न्हाई, तिचा जीव वाचला, बराबर हाय. पन पोटातलं लेकरू गाडीच्या हिसक्यानं गेलं का कशानं, ते देवाला ठावं. आन माझ्या घरच्या बाईला भर दारात तुमी राक्षसीण केलं. ती बाई रोज सांजेला सुनेचे पाय कोमट तेलानं चोळत व्हती. तिला वाटलं, चालून चालून सुजलेत. अडाणी हाय, पर दुष्ट न्हाई. ही चिठ्ठी. ह्याच्यात कुठं लिवलंय, तिनं सुनेला रडू दिलं न्हाई म्हनून? दाखवा मला." चिठ्ठी हातोहात फिरली. पाटलांच्या कारकुनानं दोनदा मोठ्यानं वाचली. नव्हतंच तर कुठून सापडणार.

आबांनी मला पुढं बोलावलं. मी मान खाली घालून उभी, पायाच्या अंगठ्यानं पाराखालची माती उकरते आहे. गाडीच्या हिसक्यानं, हा शब्द माझ्या डोक्यात बसला होता. गाडी माझ्या बोलण्यावर निघाली होती. आक्काचं लेकरू मी मारलं, असं मला वाटत होतं, आणि आता ते सगळ्यांना कळणार होतं. आबा म्हणाले, "पोरी, खरं सांग. सासूचं ते तुला कोनी सांगितलं?"

मी म्हणाले, "मास्तरांनी."

तुम्ही लोकांच्या मागं उभे होता. कोणीतरी तुम्हाला विचारलं, मास्तर, व्हय का? आणि तुम्ही म्हणालात, "हो, मीच सांगतलं." माझ्याकडं पाहून जरासे हसलात. व्याह्यांची माफी मागितलीत, पुढं होऊन त्यांच्या पाया पडलात, तुमच्याहून ते फार मोठे नसतील. बैठक शांत झाली. जे लिहिलं नाही ते पोरींना वाचायला शिकवणारा मास्तर गावाला नको, असं ठरलं, आणि आठ दिवसांनी तुम्ही गेलात. जाताना तो डबा मला दिलात. कोठा पुन्हा हळदीचा झाला.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगते. आक्का वर्षभरानं सासरी नांदायला गेली, तिला दोन मुलगे झाले. सासूनं तेल चोळल्याचं तिनंच मला सांगितलं, सहज, धुणं धुताना. "लई चोळलं बाईनं. तिचे हात दुखायचे." ती सासू आमच्या घरी पुन्हा कधी आली नाही, कार्यालाही नाही. मी कोठ्यातून बाहेर पडल्यावर दोन-तीन वर्षं नुसती घरात होते. मग निजामाचं राज्य गेलं, मराठी शाळा निघाल्या, शिकलेल्या बायका शोधून शोधून मास्तरणी करायला लागले, आणि चार बुकं आलेली मी परीक्षा देत देत एक दिवस फळ्यापुढं उभी राहिले. सिद्धेश्वरच्या धरणाचं काम चाललं होतं तेव्हा मी तिकडच्या एका गावात होते. कामावरच्या माणसांची लेकरं वर्गात यायची, पाच ठिकाणच्या पाच बोली. त्यांना मी तुमचा कुंभार दिला. तासाभरात कोणीतरी गाढवाचं विचारलं. प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा ज्याच्याकडून अपेक्षा नसते तेच.

लोक माझं कौतुक करू लागले. हिच्या वर्गातली पोरं नुसती वाचत नाहीत, वाचलेलं सांगतात. तपासणीला येणारे साहेब चिंचोक्यांचा डबा उघडून बघायचे. मी म्हणायची, माझ्या मास्तरांचं आहे हे. आणि तुमची गोष्ट सांगायची, चिठ्ठीची, पाराची, अगदी मी 'मास्तरांनी' म्हणाले तेसुद्धा. स्वतःची चूक कबूल करणारी बाई लोकांना आवडते, हे माझ्या लवकर लक्षात आलं. गोष्टीच्या शेवटी तुम्ही हसायचात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. एका वऱ्हाडी व्यापाऱ्याकडून मला तुमचा पत्ता मिळाला होता. तो दोन वर्षं माझ्या पेटीत होता. तिसऱ्या वर्षी तोच व्यापारी हळदीला आला आणि म्हणाला, मास्तर गेले, पावसाळ्यातच. मी सगळ्या जगाला सांगत होते, तुम्हाला सोडून.

तर परवाची शाळा. तिथल्या तरुण बाईंनी मला बोलावलं होतं, मुलं वाचतात पण त्यांना समजत नाही, तुम्ही काही सांगा म्हणून. मी तुमची गोष्ट सांगितली, मग डबा पुढं ठेवला आणि म्हटलं, आता माझीच गोष्ट मांडा बघू. पोरांनी भराभरा चिंचोके मांडले. मी सांगत होते म्हणजे सगळं खरंच, असं धरून. एक पोरगी, पुढचे दात पडलेली, हळकुंड हातात धरून बसली होती. ते ठेवू का नको, असं तिचं चाललं होतं. म्हटलं, "बोल बाळ."

"आजी, तुमी तर खाली बघत व्हता, माती उकरत. मग मास्तर हसले, ते कोनी बघितलं?"

त्या तरुण बाई हसल्या, म्हणाल्या, आजींना जाणवलं असेल गं. मीही मान हलवली. त्या पोरीनं माझ्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि हळकुंड गुपचूप डब्यात परत टाकलं. मास्तर, तिचं बरोबर आहे असं मी म्हणाले नाही. बरोबर वाचलेल्या लेकराला मी भर वर्गात चुकीचं ठरवलं, मान हलवून. घरी आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. उद्या मी त्या शाळेत जाणार आहे. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, त्या पोरीच्या हातात ते हळकुंड परत द्यायचं आहे आणि सगळ्यांसमोर तिच्याकडून ठेवून घ्यायचं आहे.

त्याआधी इथं मांडते, तुमच्यापुढं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, डब्यातच राहील, त्यामुळं घाई नाही. तुम्ही "हो, मीच सांगतलं" म्हणालात. चिंचोका. व्याह्यांच्या पाया पडलात, ते आबांनी घरी सांगितलं. चिंचोका. जाताना डबा मला दिलात, हे हळकुंड. डबा कोठ्याच्या कोनाड्यात राहिला होता, तुम्ही गेल्यावर मी तो उचलला. विसरला होता की मुद्दाम ठेवला होता, हे मला माहीत नाही आणि आता कळायचं नाही. आणि तुम्ही हसलात, तेही हळकुंड. ते कधी घातलं, मलाही आठवत नाही, पण त्याच्यावाचून मला ही गोष्ट कोणाला सांगता आली नसती. मी मान वर केली तेव्हा बैठक उठली होती. तुम्ही कोठ्याकडं चालला होता आणि मला तुमची पाठ दिसली.